निनावीराव आणि आमचे सर

"‘हलके लोक’ म्हटलं तर तुम्हाला राग येईल का?"

हा प्रश्न मला माझ्या घरमालकांनी विचारला, तेव्हा माझा एक बूट पायात होता आणि दुसरा हातात. ग्रोसरीतली शिफ्ट संपवून, दोन बस बदलून मी ओटावाच्या टोकाला, कनाटाला परत आले होते. मोज्यात बर्फाचं पाणी, डोक्यात कॉलेजची असाइनमेंट आणि समोर बेसमेंटच्या जिन्यावर स्वेटरवर स्वेटर चढवून उभे असलेले सर.

"कुणाला म्हणायचंय त्यावर आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही हो. अथेन्समधल्या गरीब लोकांना."

"मग त्यांना विचारा."

"ते वारले," सर गंभीरपणे म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

मला राग आलाच. माझे बाबा नागपुरात एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ‘हलके’ हा शब्द आमच्या घरात कुणी सहज बोलून गेलं तरी आई पदर खोचून उभी राहायची. मी तो हातातला बूट दाणकन खाली ठेवला आणि म्हटलं, "येईल. येईलच." सरांनी मान हलवली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि वर निघून गेले. थोड्या वेळानं त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. आमचं छत म्हणजे त्यांची जमीन, त्यामुळे त्यांचा प्रत्येक विचार आम्हाला खाली ऐकू यायचा.

सर मूळचे सांगलीकडचे. ओटावात केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात आकडेमोड करून रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलगी व्हँकुव्हरला. कनाटाच्या एका जुन्या टाउनहाउसमध्ये ते वर एकटे राहायचे आणि खालचं बेसमेंट मला आणि पुण्याच्या प्राजक्ताला दिलेलं. पहिल्याच दिवशी प्राजक्तानं लाडानं "काका" म्हटलं, तर ते दचकून मागे सरले. "काका नको. काका म्हटलं की नियम सांगायला संकोच वाटतो. मी घरमालक आहे, तुम्ही भाडेकरू. फार तर सर म्हणा." आम्हाला मात्र ते शेवटपर्यंत ‘अहो-जाहो’ करत. माझ्या वयाच्या पोरीला ‘तुम्ही’ म्हणणारा म्हातारा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि सुरुवातीला मला ती थट्टाच वाटायची.

नोकरीच्या काळात कनाटा ते डाउनटाउन या रोजच्या बसप्रवासात सरांनी प्राचीन ग्रीक भाषा शिकून घेतली होती. का, तर आजूबाजूचे सगळे झोपत असत आणि यांना बसमध्ये झोप लागत नसे. शिकून हे वाचायला लागले ते एकच टिपण. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये कुणीतरी लिहिलेलं, जेमतेम काही पानांचं. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. माणूस बड्या घरातला, लोकशाहीवर भयंकर चिडलेला. पण पठ्ठ्याची गंमत अशी, की शिव्या देता देता तो कबूल करतो, बाबांनो, ही व्यवस्था मला अजिबात आवडत नाही, पण ज्यांनी ती उभी केली त्यांनी ती स्वतःच्या फायद्यासाठी अगदी अक्कलहुशारीनं चालवली आहे. कारण अथेन्सची सगळी ताकद तिच्या जहाजांत, आणि जहाजांवर वल्ही मारणार गरीब माणसं. मग सत्ता त्यांच्याच हातात जाणार, दुसरं काय होणार!

सर त्या अनामिकाला ‘निनावीराव’ म्हणत. निनावीरावांचं मराठीत भाषांतर करणं हा त्यांचा निवृत्तीतला उद्योग होता, आणि तो कधी पुढे सरकत नसे. कारण भाषांतर करता करता ते निनावीरावांशी भांडत. चहा गाळताना एकदम म्हणत, "हे मात्र तुम्ही अति केलंत, निनावीराव." प्राजक्ता सुरुवातीला घाबरली होती. तिला वाटलं वर अजून कुणीतरी राहतं.

सरांचं स्वतःचं मत निनावीरावांहून वेगळं नव्हतं. "चार शहाणे एका बाजूला आणि चाळीस खुळे दुसऱ्या बाजूला, तर निर्णय कुणाचा? चाळिसांचा! आणि याला म्हणायचं प्रगती." हे ते आम्हाला, पोस्टमनला, घर तापवणारा फर्नेस दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, कुणालाही ऐकवत. निवडणूक आली की त्यांचं डोकं फिरे. पण मतदानाच्या दिवशी केंद्र उघडायच्या आधी दाराशी उभं असलेलं माणूस कोण, तर हेच. मी एकदा टोमणा मारला तर म्हणाले, "घर वाईट बांधलंय म्हणून झाडायचं नाही की काय?"

घरातली कामं वाटायला त्यांनी स्वयंपाकघरात लोणच्याची एक रिकामी बरणी ठेवली होती. तिच्यात पांढरा राजमा आणि लाल राजमा. अथेन्समध्ये म्हणे हुद्दे असेच दाणे काढून वाटत, त्यात वशिला चालत नसे. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं बरणीत हात घालायचो. लाल दाणा ज्याच्या हाती, त्यानं त्या आठवड्यात कचरा बाहेर न्यायचा, पायऱ्या झाडायच्या आणि बर्फ शोव्हल करायचा. सर स्वतःला कधी वगळत नसत. त्यांना लाल आला की प्राजक्ता विरघळायची. "सर, राहू द्या ना, मी करते." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "दाण्याला माझं वय ठाऊक नाही, तुम्हीही विसरा."

एक काम मात्र बरणीत नव्हतं. फ्रीझिंग रेन झाला की ड्राइव्हवेवर काचेसारखा गुळगुळीत बर्फ धरतो. तो फोडायला सरांकडे लोखंडी पात्याचा एक लांब दांडा होता, आणि त्याला ते आम्हाला हात लावू देत नसत. निनावीरावांनीच लिहून ठेवलंय म्हणे, की लोक सगळे हुद्दे मागतात, पण ज्यात चुकलं तर शहर बुडेल असं सेनापतीचं काम मागत नाहीत, ते जाणत्यांवर सोडतात. "पाय घसरून माकडहाड मोडेल असं काम दाण्यावर सोडत नसतात," सर म्हणत आणि त्या वयात बर्फावर ठाकठोक करत उभे राहत. आम्ही खिडकीतून जीव मुठीत धरून बघायचो.

तेव्हाच्या माझ्या मनाची अवस्था काय सांगू. बूड कुठे टेकायचंच नाही. पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यासाठी, अप्लाय करायचे नियम दर थोड्या दिवसांनी बदलत होते. मी बसमध्ये, शिफ्टच्या ब्रेकमध्ये, वॉशरूममध्ये फोन उघडून तेच तेच पान बघायचे. टोमॅटोचे क्रेट लावता लावता वाटायचं, आपण नक्की कुठे राहतोय? नागपुरात नाही, इथेही नाही. त्या सगळ्या टांगत्या दिवसांत एकच गोष्ट पक्की होती, ती म्हणजे ते बेसमेंट. खिडकी जमिनीला टेकलेली, तिच्यातून फक्त लोकांचे बूट दिसत, पण खोली उबदार होती आणि वर कुणीतरी जागं असायचं. मला ती खोली हवी होती. एवढं साधं होतं ते.

बसस्टॉपवर एकदा सर माझ्यासोबत उभे होते. कडाक्याची थंडी, सगळी माणसं काळ्या, जाडजूड पार्का-जाकिटांत गुंडाळलेली, टोप्या कानापर्यंत ओढलेल्या. सरांना एकदम हसू फुटलं. "निनावीरावांची तक्रार काय होती ठाऊक आहे? अथेन्समध्ये रस्त्यात गुलामाला रट्टा द्यायची सोय नाही. कारण कपड्यांवरून गुलाम कोण आणि नागरिक कोण हेच कळत नाही, चुकून नागरिकाला बसायचा! आता इथे बघा. यातला खात्याचा डायरेक्टर कुठला आणि रात्रभर ऑफिस पुसून घरी चाललेला कुठला, ओळखा बरं." मी बघितलं. सगळे नाक पुसत होते. मला ओळखता आलं नाही आणि का कोण जाणे, त्या दिवशी मला जरा बरं वाटलं.

मग तो नियम आला.

आमच्या टाउनहाउसच्या वसाहतीचं एक बोर्ड होतं, सोसायटीची कमिटी असते तसं. बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी प्रस्ताव मांडला, की घरात फक्त मालक आणि त्याचं कुटुंब राहील, बेसमेंट किंवा खोल्या भाड्यानं द्यायच्या नाहीत. कारणं ठरलेली. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये विद्यार्थ्यांच्या गाड्या असतात, कचऱ्याचे डबे भरून वाहतात, मसाल्यांचा वास येतो. वासाचं लिहिलेलं नव्हतं, पण आम्हाला कळलं. हिवाळ्याच्या शेवटी मालकांची वार्षिक सभा, तिथे मतदान. पास झालं की उन्हाळ्याच्या आत आम्ही बाहेर.

आम्हा दोघींना अर्थातच मत नव्हतं. "आणि नसावंच," सर म्हणाले. "ज्याच्या नावावर घर नाही त्यानं घराचे नियम ठरवू नयेत." हे ते आम्हाला आमच्याच टेबलाशी बसून, प्राजक्तानं केलेले पोहे खाता खाता सांगत होते. मग घास गिळून म्हणाले, "पण हा नियम मूर्खपणाचा आहे."

प्राजक्ताचे बाबा कोथरूडला सोसायटीचे सेक्रेटरी. त्यामुळे सभा या विषयात ती स्वतःला तज्ज्ञ समजायची. "ॲक्चुअली, कोरम झालाच नाही तर?" मी विचारलं. ती हसली. "वेडी आहेस का? कोरम नसला की सभा अर्धा तास तहकूब करतात. अर्ध्या तासानं तीच सभा, त्याच जागी, आणि मग कोरम लागतच नाही. बाबा दरवर्षी तेच करतात. चहा पितात आणि सगळं पास."

"ते पुण्याला," सर म्हणाले. "इथे कोरम नाही तर सभा नाही. मतदान नाही. नियमही नाही."

आम्ही दोघी थांबलो. मी सरांकडे पाहिलं, प्राजक्तानं माझ्याकडे. कारण त्या वसाहतीत दरवर्षी कोरम कसा होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. लोकांना सभेचं काडीचं प्रेम नव्हतं. सभेच्या आधी एक म्हातारा बूट चढवून दारोदार फिरायचा, घंटा वाजवायचा आणि म्हणायचा, या, नाहीतर प्रॉक्सी तरी द्या. प्रॉक्सी म्हणजे आपलं मत सही करून दुसऱ्याच्या हाती देणं. तो म्हातारा म्हणजे सर. अख्खी गल्ली त्यांना मागून ‘मिस्टर कोरम’ म्हणायची. लोकशाहीला शिव्या देणारा हा एकटा माणूस त्या वसाहतीची लोकशाही खांद्यावर वाहत होता.

"सर," मी म्हटलं, "यंदा नका ना फिरू. फक्त यंदा. घरी बसा. तुम्हाला काही करायचंच नाहीये, काही न करण्यातच..."

सरांनी बशी बाजूला सारली. "म्हणजे मी जाणूनबुजून घरी बसायचं?"

"तुम्हीच तर म्हणता, चाळीस खुळ्यांनी ठरवू नये."

"म्हणतो. अजूनही म्हणतो."

"मग?"

ते उठले आणि वर गेले. त्यानंतरचे दिवस छतावर नुसत्या येरझाऱ्या. आम्ही खाली आणि ते वर, तिघंही बेचैन. मधूनच निनावीरावांना काहीतरी विचारल्याचा आवाज यायचा. प्राजक्ता म्हणायची, "नाही जाणार ते. बघ तू. आपल्यावर जीव आहे त्यांचा." मलाही तसंच वाटत होतं, वाटून घेत होते म्हणा.

सभेच्या आधीच्या शनिवारी सर खाली आले. अंगात पार्का, पायात बूट. "निनावीरावांना लोकशाही आवडत नव्हती," ते म्हणाले, "पण ती चोरून मोडायचा उपाय त्यांनी कुठे लिहिलेला नाही. घरी बसून सभा पाडणं हा भित्र्याचा धंदा आहे. मी सभेत जाईन, बोलेन, तुमच्या बाजूनं हात वर करीन. पण सभा होईल." आणि ते कोरम गोळा करायला निघाले.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे लोक पाहिले होते, दुसऱ्याच्या पायावर तत्त्वाचा धोंडा पाडणारा पहिल्यांदाच बघत होते. "तुमचं काय जातंय?" मी ओरडले. "तुमच्या डोक्यावर तुमचं छत आहे!" ते दारात थांबले, म्हणाले, "खरं आहे," आणि गेले.

सभेच्या दिवशी नेमका फ्रीझिंग रेन. झाडांच्या काड्यांवर काच चढली होती. सर ड्राइव्हवेवर उतरले आणि पहिल्याच पावलाला हात पसरून कसेबसे सावरले. मी खिडकीतून बघत होते. त्यांचे बूट माझ्या डोळ्यांसमोर इंच इंच सरकत होते. प्राजक्ता म्हणाली, "जाऊ दे, पडतील आणि येतील परत." तिला तसं म्हणायचं नव्हतं, पण ती म्हणाली. मी शिव्या घालत बूट चढवले, बाहेर गेले आणि त्यांचा दंड धरला.

"तुम्ही कशाला?" सर म्हणाले.

"माकडहाडासाठी."

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं असतं तर ते सर कसले? कोपऱ्यावर एक फ्रेंच म्हातारी राहायची, क्वेबेकमधल्या लव्हालहून ओटावाला आलेली. सगळे तिला मादाम म्हणत. एकदा कुणा विद्यार्थ्याच्या गाडीनं तिचा रस्ता अडवला होता, तेव्हापासून ती नियमाच्या बाजूनं. सर तिच्या दाराशी थांबले. "मादामना एकटीनं चालवणार नाही." म्हणजे मला घराबाहेर काढायला निघालेल्या मादामचा एक हात माझ्या एका दंडात, आणि सभेला सभापण देणाऱ्या सरांचा हात दुसऱ्या दंडात. असे आम्ही तिघं बदकांसारखे डुलत कम्युनिटी सेंटरपर्यंत गेलो. मला रडू येत होतं आणि हसूही.

भाडेकरूंना सभेत बसता येत नव्हतं. मी दाराशी कॉफीच्या थर्मासजवळ उभी राहिले. अध्यक्षबाईंनी माणसं मोजली, प्रॉक्सी मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाल्या, "झाला कोरम. अगदी काठावर. थँक यू, मिस्टर कोरम." लोक हसले. सरांनी उठून मान लववली.

मग सर बोलायला उभे राहिले. इंग्रजीत बोलले, पण सांगली लपत नव्हती. "मला बहुमत हा प्रकार पसंत नाही. आज तुम्हा सर्वांकडे पाहून माझं मत जास्तच पक्कं झालं आहे." हे पहिलंच वाक्य. तिथेच आमची निदान तीन मतं गेली असतील. मी थर्मास धरून डोळे मिटले. "पण एक प्राचीन गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनाही तुमच्यासारखीच साधी माणसं आवडत नसत. तरी त्यांना एक गोष्ट दिसत होती, की जहाज चालतं ते वल्ही मारणाऱ्यांच्या जिवावर. तुमच्या दुकानात फळं कोण लावतं? तुमच्या आईला नर्सिंग होममध्ये आंघोळ कोण घालतं? तुमचं गरम जेवण दारात कोण आणून देतं? तीच बेसमेंटमधली मुलं. त्यांना मत नाही. मी म्हणतो, नसू दे. पण वल्ही हातात देऊन नावेतून ढकलून तरी देऊ नका."

मादामनं टोपी नीट केली. मग हात वर झाले. नियम थोडक्यात पास झाला. सरांनी विरुद्ध हात वर केला, तो त्यांनी मोजणी संपल्यावरही बराच वेळ खाली घेतला नाही.

परत येताना मी त्यांचा दंड धरलाच होता, पण बघत होते बर्फाकडे. मादाम मात्र माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "मेर्सी, तू चांगली मुलगी आहेस." मला तिला बर्फात सोडून द्यावंसं वाटलं.

आम्ही निघालो. प्राजक्ताला व्हँकुव्हरला नोकरी मिळाली. मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, ऑर्लेन्सला, तिघींच्यात एक खोली मिळाली. ती बघायला सर स्वतः आले होते. तिथल्या घरमालकाला त्यांनी फर्नेस कधी तपासला, आग लागली तर खिडकीतून बाहेर पडता येतं का, असं इतकं खोदून विचारलं की तो बिचारा मला खोली द्यायलाच कचरायला लागला. जाताना मी किल्ली पुढे केली. सरांनी ती बघितलीच नाही, खिशात हात घालून दुसरीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं विसरले. किल्ली माझ्या पर्समध्ये राहून गेली.

वर्षभर मी त्यांना भेटायला जायचे, आधी रागानं, मग सवयीनं. बेसमेंट तसंच होतं. पलंगावर चादर घातलेली, हीटिंग चालू. "रिकाम्या खोलीला कशाला गरम करता?" मी विचारलं. "नियम बदलेपर्यंत रिकामी आहे," ते म्हणाले. आणि नियम बदलायला त्यांनी काय करावं? प्रचार. चक्क प्रचार. उभ्या आयुष्यात ज्याला ते ‘मतांची भीक’ म्हणत आले, त्यासाठी हा माणूस घरोघरी फिरत होता. सुरुवातीला लोकांचा अपमान करून यायचे, मग सुधारले. कुणाच्या नातवाची चौकशी, कुणाच्या गुडघ्याची. माझ्याकडे कबूल करताना त्यांचा चेहरा चोरी केल्यासारखा व्हायचा. "मला लोकांशी गोड बोलता येतं, हे निनावीरावांना कळू देऊ नका." नियम रद्द करण्याचा ठराव पुढच्या सभेत आणायला पुरेशा सह्या त्यांनी जमवल्या.

आणि सभा तोंडावर आलेली असताना, कुणाच्या तरी पायऱ्यांवर, प्रचार करता करता, ते घसरले. खुबा मोडला.

हॉस्पिटलमध्ये मी गेले तेव्हा ते छताकडे बघत होते. पाय हलत नसल्यामुळे येरझाऱ्या बंद, म्हणून बोटं पांघरुणावर चालत होती. मुलगी व्हँकुव्हरहून निघाली होती. मला बघताच म्हणाले, "कोरम कोण गोळा करणार?"

"सर, तुम्ही पडून राहा."

"पडूनच आहे. दुसरं काय करतोय?" त्यांनी उशाशी ठेवलेला प्रॉक्सीचा कागद माझ्याकडे सरकवला. "ज्याच्या नावावर घर नाही त्यानं मत देऊ नये, असं माझं मत आहे."

"ठाऊक आहे सर."

"ते बदललेलं नाही."

"नाही बदललं."

"मग पेन द्या." त्यांनी सही केली. सही सरकारी, स्वच्छ. "मत माझं. हात तुमचा." मग डोळे मिटून घेऊन म्हणाले, "आणि सगळ्यांना बोलवा. आपल्या विरुद्ध आहेत त्यांनाही. त्यांना वगळून जिंकायचं नाही."

मी दोन दिवस शिफ्ट बदलून घेतल्या आणि ज्या गल्लीतून मला काढलं होतं त्या गल्लीत दारोदार फिरले. घंटा वाजवायची, बूट झटकायचे, म्हणायचं, "मी सरांकडून आले आहे." काही दारं उघडली, काही पडदे हलले आणि पुन्हा पडले. नोकरीच्या इंटरव्ह्यूलाही मी इतकी घाबरले नव्हते. सर हे वर्षानुवर्षं का करत आले असतील, हे मला एकेका दारावर कळत गेलं, आणि चीडही यायची, की हे सगळं एका म्हाताऱ्यावर टाकून ही गल्ली निवांत बसली होती.

सभेच्या दिवशी मी मादामचं दार वाजवलं. ती टोपी घालूनच उभी होती.

"मी तुझ्या विरुद्ध मत देणार आहे," ती म्हणाली. "ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग नेतेस कशाला?"

"सरांनी सांगितलंय."

तिनं माझा दंड धरला. कम्युनिटी सेंटरात अध्यक्षबाईंनी मोजायला सुरुवात केली. खुर्च्या, प्रॉक्सी, पुन्हा खुर्च्या. मी या वेळी थर्मासपाशी नव्हते, आत बसले होते. सरांचा कागद दोन्ही हातांत धरला होता. बाई थांबल्या. "एक कमी आहे." मग माझ्याकडे बघितलं, कागद मागितला, वाचला. "नाही. झाला."

ठरावावर हात वर झाले. मी सरांचा हात वर केला. मादामनं कबूल केल्याप्रमाणे विरुद्ध केला, आणि माझ्याकडे बघून जरा हसली. वर्षभराच्या गोड बोलण्याचं चीज झालं. थोडक्यात का होईना, नियम गेला.

मी हॉस्पिटलात धावतच गेले. कॉरिडॉरमध्ये नर्स रागावली. सर जागे होते, उशाला टेकवून बसवलेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "कोरम झाला का?"

"झाला सर."

"किती वर?"

"काठावर. तुमच्या कागदानं झाला."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं सांगायचं भानच राहिलं नाही. निकाल त्यांनी विचारला नाही. मीच शेवटी सांगितला, तेव्हा म्हणाले, "बरं झालं. पण चाळीस खुळे ते चाळीस खुळेच. यंदा चुकून बरोबर लागलं इतकंच." आणि पांघरुणाखालून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. ‘अहो’ म्हणणाऱ्या माणसाचा हात डोक्यावर आला की काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ढसाढसा रडले.

सर आता नाहीत. वॉकर घेऊन घरी आले, आणखी काही हिवाळे काढले, निनावीराव अर्धेच राहिले. ‘हलके लोक’ त्यांनी शेवटी खोडलं आणि सगळीकडे ‘वल्ही मारणारे’ असं केलं. निनावीरावांवर हा अन्याय आहे, असं मलाच ऐकवत केलं. पण सर म्हटलं की मला आठवतो तो त्या दुसऱ्या सभेचाच दिवस.

"आता घरी जा," ते म्हणाले होते. "चावी आहे ना तुमच्याकडे?"

मी ऑर्लेन्सची बस सोडली आणि कनाटाची धरली. सर पडल्यापासून त्या ड्राइव्हवेकडे कुणी पाहिलंच नव्हतं. बर्फ जाडजूड धरला होता. मी किल्लीनं दार उघडलं. ओट्यावर राजम्याची बरणी होती, शेजारी भिंतीला तो लोखंडी दांडा टेकवलेला. मी दांडा उचलला. वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. बाहेर गेले, पाय रोवले आणि दारापासून रस्त्यापर्यंतचा सगळा बर्फ फोडून काढला.